घळीतली पाकोळी आणि न दिलेला शब्द

विसू, कावळा आला नाही.

दहाव्याला खाडीच्या काठी पिंड ठेवून आम्ही सगळे मागे सरलो. ऊन चढलं तरी एकही कावळा खाली उतरेना. कावळ्यांचा तुटवडा नव्हता. पलीकडे वाळत घातलेल्या बोंबलांवर त्यांची पंगत बसली होती. तू असतास तर म्हणाला असतास, समोर बोंबील असताना भाताला कोण तोंड लावील? पण नेमका तूच नव्हतास, आणि बाकीच्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली होती.

मग आपल्याकडे होतं तेच सुरू झालं. गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल ते ओळखायचं आणि पुढे होऊन कबूल करायचं. तुझा मुलगा मिहीर हात जोडून म्हणाला, आईला एकटी पडू देणार नाही. कावळे बोंबलांवरच. नानाकाकांनी बांधावरून यापुढे भांडणार नाही असं सगळ्यांदेखत सांगितलं. ते ऐकून मला बरं वाटलं, कावळ्यांना नाही. गुरुजी घड्याळाकडे बघायला लागले. शेवटी सुमन माझ्याकडे वळली. बायका तिथे जात नाहीत असं सांगूनही तुझी बायको आली होती आणि तिच्यामागून मी.

"ताई, तुम्हाला ठाऊक आहे काय राहिलंय ते," ती म्हणाली. "द्या ना शब्द. एवढा एकच."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला ठाऊक होतं. 'घळीचं कुणाला सांगणार नाही' एवढंच म्हणायचं होतं. जीभ टाळ्याला चिकटली. कावळा का येत नाही ते मला कळत होतं, जन्मभर देवरूखला मुलांना जीवशास्त्रच शिकवलं मी. पण तरीही तुझ्या पिंडासमोर खोटं बोलणं मला जमेना. सुमन बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिने मान वळवली. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि कार्य उरकलं. तेव्हापासून तुझ्या घरात मला वेळेवर चहा मिळत होता, जेवण मिळत होतं, पण सुमनच्या तोंडून शब्द मिळत नव्हता.

रागावू नकोस. किंवा रागाव, तुझा हक्कच आहे तो. माझ्या आधी जायचं तुला काही कारण नव्हतं, तेव्हा मीही रागावलेलीच आहे. पाठच्या भावाने असा नंबर मोडून पुढे जायचं नसतं.

कड्याच्या पोटातली ही घळ तुला कालवं काढताना सापडली. मोठ्या ओहोटीला कड्याच्या पायथ्याशी जायला वाट होते आणि पाणी चढलं की घळीचं तोंड अर्धं बुडतं, एवढंच इथे लिहिते. तू देवरूखला फोन केलास, "मास्तरीण, घळीत भिंगऱ्या आहेत. शेकड्यांनी. ये." एरवी मी मास्तरीण. ताई मी फक्त दोनच वेळा व्हायचे, भांडताना आणि घाबरल्यावर.

मी आले, पाहिलं आणि ठामपणे सांगितलं की या भिंगऱ्या नव्हेत, या पुलाखालच्या पाकोळ्या. तू म्हणालास, पुलाखालच्या पाकोळीच्या शेपटीच्या वर पांढरा पट्टा असतो, हिला कुठे आहे? मी म्हटलं, भिंगरी तारेवर बसते, मातीचं घरटं करते, या कुठे बसतात? तू म्हणालास, घळीत तार कुठून आणू? अख्खा आंब्याचा हंगाम आपण असं भांडलो. सुमन म्हणायची, पाखरांना स्वतःला तरी ठाऊक आहे का तुम्ही त्यांच्यावरून जेवण थंड करताय ते. गंमत अशी की मी तुझं खोडून काढलं ते बरोबर होतं, तू माझं खोडून काढलंस तेही बरोबर होतं, आणि आपण दोघंही चुकत होतो.

तो दिवस आठवतो? आपण नेहमीपेक्षा उशिरा आत शिरलो होतो. तू बॅटरी वर धरून मला घरटी दाखवत होतास, भिंतीला अर्धी वाटी चिकटवावी तशी, आणि मी सांगत होते की पुलाखालची घरटी पिसांची आणि गवताची असतात, ही वेगळी दिसताहेत खरी, पण. त्या 'पण'वर तू चिडून माझ्याकडे वळलास, बॅटरी हातातून सुटली, दगडावर आपटली आणि पाण्यात गेली. इतका अंधार मी कधी पाहिला नव्हता. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं आणि प्रत्येक लाटेबरोबर थोडं वर चढत होतं. तोंड कुठल्या बाजूला ते कळेना. मी तुझं नाव घेतलं, ते घळीत तीनचार ठिकाणांहून परत आलं, आणि तू नेमका कुठे आहेस तेही कळेनासं झालं.

"ताई गो, हलू नकोस," तू म्हणालास. "ऐक फक्त."

तेव्हा ते ऐकू आलं. कंगव्याच्या दात्यांवरून नख फिरवावं तसा कोरडा, बारीक टकटकाट. एक डोक्यावरून गेला, मग दुसरा, मग खूप. बाहेरून पाखरं आत येत होती, त्या काळोखात, पूर्ण वेगात, आणि एकही कशावर आपटत नव्हतं. भिंगरी असं करत नाही. पुलाखालची पाकोळीही करत नाही. वटवाघूळ करतं, पण त्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मी गुडघाभर पाण्यात उभी होते, बुडायची भीती होती आणि तरी मला हसू फुटलं. आवाज करायचा, तो भिंतीवर आपटून परत येतो, त्यावरून भिंत कुठे ते ओळखायचं. घळीत राहणारी पाकोळी ती हीच. पुस्तकात वाचली होती, बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

पाखरं ज्या बाजूने येत होती ती बाजू तोंडाची. तू माझा हात पकडलास आणि आपण त्या टकटकीच्या उलट्या दिशेने चालत बाहेर आलो. बाहेर आल्यावर तू पहिलं वाक्य काय बोललास? "म्हणजे भिंगरी नव्हती तर." जीव वाचला त्याचं काहीच नाही.

त्यानंतर तू मला जे शिकवलंस आणि मी तुला जे शिकवलं त्याची मोजदाद करणं आता शक्य नाही. नियम तुझेच. अंडी असताना तोंडापासून चार पावलांच्या पलीकडे आत जायचं नाही. फोटो काढायला दिवा मारायचा नाही. ओळख पटवायची तर बॅटरी बंद करायची, कारण उजेड असला की ती गप्प उडते, अंधारातच बोलते. पाहुण्यांना पाखरं दाखवायची म्हणजे लोक उजेड करतात, तू उजेड मालवायचास. ती कधीच फांदीवर बसत नाही, पायांना तशी बोटंच नाहीत, भिंतीला फक्त लटकता येतं, हे मी तुला सांगितलं. अख्खं घरटं ती आपल्या थुंकीने बांधते, त्यात काडीकचरा मिसळून, हे सांगितलं तेव्हा तू कुंपणाकडे बघायला लागलास. मग म्हणालास, आपल्याला नुसतं एक कुंपण घालायचं तर चिऱ्याला केवढे पैसे पडले. तुझं अभ्यासातलं लक्ष नेहमी असं बागेत जायचं.

आणि त्याच थुंकीने घात केला. परदेशात त्या घरट्यांना फार किंमत येते हे आपण दोघांनीही ऐकलं होतं, पण ते दूरच्या बेटांवरचं काहीतरी म्हणून सोडून दिलं होतं. मग एका मार्चमध्ये तू घळीतून परत आलास आणि ओटीवर बसून राहिलास. चप्पल काढली नाहीस. दुसऱ्या ओहोटीला मी तुझ्याबरोबर गेले. भिंती खरवडून काढल्या होत्या. खाली दगडांवर फुटलेली पांढरी अंडी, आणि वर पाखरं आपल्या घरट्याच्या जागी येऊन पुन्हा पुन्हा लटकायला बघत होती. तू म्हणालास, कुणीतरी बाहेरचे होडी घेऊन आले असणार. मी म्हटलं, असणार.

आज बोलते, तेव्हा बोलले नाही. चोरीच्या आधी तू आंबेवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घळीच्या तोंडाशी उभा राहून फोटो टाकला होतास, मागे कडा दिसत होता, खाली लिहिलं होतंस 'आमच्या गावचा खजिना'. मला तो नानाकाकांनी कौतुकाने पाठवला होता. चोरांना वाट कुठून कळली ते मी ओळखलं होतं, विसू. तूही ओळखलं होतंस. त्यानंतर घळीचं नाव काढलं की तू दार लावून घेतल्यासारखा व्हायचास, आणि मला वाटायचं, याला सांगावं की अरे, कौतुक होतं ते, गुन्हा नव्हता. पण तू स्वतः तोंड उघडल्याशिवाय मी कसं सांगणार? तू उघडलं नाहीस. त्याऐवजी मला सारखा शब्द मागायला लागलास, कुणाला सांगायचं नाही. अगदी कुणालाही नाही. वनखात्याला नाही, कॉलेजातल्या माझ्या माणसांना नाही, गावात नाही.

मी म्हणायचे, जे कुणाला ठाऊकच नाही त्याची राखण कोण करणार? तू म्हणायचास, ठाऊक झालं म्हणूनच तर लुटलं. या वादाला उत्तर नव्हतं. दोन्ही खरं होतं, म्हणून तो इतकी वर्षं चालला. पाखरं परत आली, भिंती पुन्हा भरल्या, वाद मात्र तिथेच.

शेवटचा फोन तुझाच. ग्रामपंचायतीत विषय येणार होता. तुझ्या बरोबरीचा महादेव सरपंच झाल्यापासून गावात पर्यटन आणायचं घेऊन बसलाय, ते मला माहीत होतं. यंदाचा बेत असा की होडीने लोकांना घळीत न्यायचं, आत रंगीत दिवे लावायचे, उतरायला सिमेंटचा धक्का. तू म्हणालास, मी त्याला सांगतो की घळ धोक्याची आहे, दरड पडते. मी म्हटलं, खोटं सांगून किती दिवस थांबवशील? खरं सांग. पाखराला कायद्याचं संरक्षण आहे, एकदा नाव लागलं की दिवे लागणार नाहीत. तुझा आवाज चढला.

"नाव लागलं की चोरही येतील ताई. शब्द दे मला."

"फोनवर देत नाही," मी म्हटलं. "रविवारी येते. समोर बसून भांड."

रविवारच्या आधीच मिहीरचा फोन आला. बागेत गेला होतास, मोहोर बघायला. कलमाखाली बसलास तो बसलासच. मी आले ती भांडायची सगळी तयारी मनात घेऊन आले, कारण ती टाकायची कुठे ते मला समजेना. अजूनही समजलेलं नाही.

तेराव्यानंतरच्या ग्रामसभेला मी गेले. सुमनही आली, पण लांब बायकांत बसली. महादेवने बेत वाचून दाखवला. खरं सांगू, तो वाईट माणूस नाही. बोलताना त्याने तुझं नाव घेतलं तेव्हा हातातला कागद खाली ठेवला. गावातली पोरं सगळी मुंबईला, इथे चार जणांना काम मिळालं तर काय बिघडलं, असं त्याचं म्हणणं, आणि त्यात मला काही खोट काढता येईना. मग मी उठले. पुढच्या खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला. इतकी वर्षं वर्गात उभी राहिले, पण तेव्हा समोर सुमन नव्हती आणि पाठीशी न दिलेला शब्दही नव्हता.

मी सांगितलं. घळीत कोणतं पाखरू आहे, ते कसं राहतं, दिवे लावले तर काय होईल, कायदा काय म्हणतो, सगळं. आणि मागे एकदा घरटी खरवडून नेली तेही. फोटोचं सांगितलं नाही, ते आपल्यात. सभेत कुजबुज झाली. महादेव शांतपणे म्हणाला, "ताई, पाकोळ्या तर पुलाखाली पण हायत की. वरून एवढे ट्रक जातात, त्या कुठं मेल्या?" लोक हसले. मी पांढऱ्या पट्ट्याचं सांगायला लागले, घरट्याचं सांगायला लागले, आणि माझं मलाच ऐकू येत होतं की हे सगळं मास्तरणीचं बोलणं आहे. शेवटी म्हटलं, महादेव, उद्या मोठी ओहोटी आहे. चल माझ्याबरोबर. त्या पाकोळ्या याच निघाल्या तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महादेव होडीपाशी आला. आणि सुमन. मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. पदर खोचून ती होडीत चढली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. तुझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली पण घळ तिने पाहिली नव्हती. पाखरांशी तिचं वाकडं, ती तुला पळवून नेतात म्हणून.

आत चार पावलांवर उभे राहिलो. महादेवने बॅटरी वर मारली, घरटी दिसली, पाखरं गप्प फिरत होती. तो म्हणाला, ह्याच की त्या. मी त्याला बॅटरी बंद करायला सांगितली. अंधार झाला आणि पाखरं बाहेर निघून गेली. काहीच ऐकू येईना. नुसतं पाणी. आम्ही थांबलो. महादेवचा श्वास ऐकू येत होता. पाणी घोट्याला लागलं. मला दहाव्याची आठवण झाली, तेच ताटकळणं, तसंच सगळ्यांनी माझ्याकडे बघणं, फक्त आता कुणी दिसत नव्हतं. पाणी आणखी चढलं. आली नाहीत तर काय? मी तुला शब्दही दिला नाही आणि तुझी घळही घालवली, असं होणार होतं. महादेव म्हणाला, "ताई, निघूया आता, पाणी लागतंय." मी त्याचा दंड धरून ठेवला.

मग आली. आधी एक, कंगव्यावरून नख. मग मागून सगळी. डोक्यावर, कानाजवळून, चारी बाजूंनी टकटकाट. महादेव खाली वाकला, मग सरळ झाला, मग म्हणाला, "आपटत कशी नाहीत हो?" मी सांगणार होते, आवाज भिंतीवरून परत येतो वगैरे. पण तेवढ्यात अंधारातून सुमन बोलली.

"हे असं करायचे," ती म्हणाली. माझ्याशी नाही, महादेवशी. "लाइट गेली की. आतून ओटीवर येताना तोंडाने टकटक टकटक. मी म्हणायची, घरात घोडी का हाकताय."

मला हे ठाऊकच नव्हतं, विसू. मला वाटत होतं तुझं सगळं मला ठाऊक आहे.

बाहेर आल्यावर महादेवने बॅटरी खिशात घातली. आत दिवे नकोत, तो म्हणाला. होडी तोंडाच्या बाहेरूनच फिरवू, संध्याकाळी पाखरं येताना लोकांना लांबून दाखवू. वनखात्याला मी लिहीन, त्यावर ग्रामपंचायतीचा शिक्का तो देईल. आणि घरट्याच्या दिवसांत होड्यांवर नजर ठेवायची तर गावानेच ठेवायची, एकट्याने ते होत नाही. शेवटचं वाक्य तो सहज बोलून गेला. तू इतकी वर्षं ते एकट्यानेच करत होतास.

चोर येणार नाहीत असं मी म्हणत नाही. तुझी भीती खोटी नव्हती आणि आता ती माझ्याकडे आली आहे, रोज महादेवला गाठून विचारते, कुणी अनोळखी होडी दिसली का. त्याला कंटाळा आला असणार. उद्या काही वाईट झालं तर ते माझ्यामुळे, हे मी कबूल करते. पण तू मागितलास तो शब्द मी दिला नाही आणि देणार नाही. दुसरा एक देते, आता दर वर्षी ओहोटीला मी येईन, गुडघे साथ देतील तोवर, आणि त्यानंतर मिहीरला पाठवीन. एवढा घे.

काल परत निघायच्या आदल्या संध्याकाळी मी ओटीवर बसले होते. सुमन आत होती. लाइट गेली. एकदम काळोख झाला, आणि मी का ते ठाऊक नाही, जीभ टाळ्याला लावून टकटक केलं. भिंतीवरून काही परत आलं नाही, मला ते जमतही नाही. पुन्हा केलं. ओटीवर तुझी आरामखुर्ची होती, तिच्याकडे तोंड करून तिसऱ्यांदा केलं.

आतून, स्वयंपाकघराच्या दारातून, सुमनने उत्तर दिलं.